रा. रा. निर्देशांक महाशयांस, मुक्काम सिमला

प्रति,
रा. रा. औद्योगिक कामगार ग्राहक किंमत निर्देशांक,
श्रम ब्युरो, सिमला.

सा. न. वि. वि.

आपण थंड हवेच्या ठिकाणी राहता, याचा मुंबई-पुण्याच्या नोकरदारांना मुळीच हेवा वाटत नाही. देशभरातल्या ८८ केंद्रांतून तांदूळ, डाळ, रॉकेल आणि घरभाड्याचे भाव गोळा करायचे म्हटल्यावर डोकं तापणारच. ते कुठेतरी निवायला हवं. हे पत्र तक्रारीचं नाही. आपल्या शब्दाला देशात मोजक्याच घरी मान आहे, बाकीच्या घरांत आपलं नावही कुणी घेत नाही, एवढंच कानावर घालायचं आहे.

मानाची घरं कोणती, हे आपण जाणताच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सातव्या वेतन आयोगाचं सूत्र ठरलेलं आहे. आपली बारा महिन्यांची सरासरी २००१ च्या पायावर घ्यायची, त्यातून २६१.४२ वजा करायचे, उरलेल्याला २६१.४२ नेच भागायचं, की महागाई भत्त्याचा टक्का हातात. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून. जुलै २०२५ मध्ये हा भत्ता मूळ वेतनाच्या ५८ टक्क्यांवर गेला. शिवाय दरवर्षीची ३ टक्के वेतनवाढ वेगळी. करोनात सरकारने आपलाही शब्द मोडला, हे खरं. भत्ता १७ टक्क्यांवर गोठवला आणि त्या अठरा महिन्यांची थकबाकी आजवर दिली नाही. पण जुलै २०२१ मध्ये तो एकदम २८ टक्के झाला तो आपल्याच आकड्यांमुळे.

आता खाजगी कचेरीत डोकावू. तिथे एप्रिल-मेमध्ये अप्रेझल नावाचा विधी होतो. साहेब समोर बसवून चहा पाजतात, वर्षभराच्या कामाचं कौतुक करतात, ‘बजेट टाइट आहे’ म्हणतात आणि पाच टक्क्यांचं पत्र देतात. त्या पत्रात कामगिरी असते, बेल कर्व्ह असतो, कंपनीचं कुटुंब असतं, आपण नसता. समजा, हाती येणारा पगार ४०,००० आहे. वाढ झाली २,००० रुपयांची. त्याच सुमारास अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो. १८,००० च्या फ्लॅटवर मालक दहा टक्के मागतो, म्हणजे १,८००. उरलेल्या २०० रुपयांत स्कूलबस, क्लासची फी आणि वाण्याची यादी बसवायची असते. दात कोरून पोट भरण्याचा प्रकार, पण सीटीसीचा आकडा मात्र वाढलेला दिसतो, आणि लग्नाच्या बाजारात तोच सांगायचा असतो.

आपले दिल्लीचे भाऊबंद, किरकोळ महागाईचा आकडा जाहीर करणारे, यांच्याच वहीतून थोडं गणित मांडू. २०२०-२१ पासून सरासरी महागाई अनुक्रमे ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के. यातलं एकही वर्ष भयंकर म्हणावं असं नाही. तरी एकावर एक चढून पाच वर्षांत १०० रुपयांची पिशवी सुमारे १३२ रुपयांना पडू लागली. ज्याचा पगार करोनाच्या वर्षी जागचा हलला नाही आणि पुढे दरसाल पाच टक्क्यांनी वाढला, तो १२१ किंवा १२२ वर पोहोचला. म्हणजे चार वाढी आणि चार पेढ्यांचे पुडे होऊनही तो गरीबच झाला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तर दिल्लीकरांनी महागाई ०.२५ टक्क्यावर आल्याचं जाहीर केलं. एखादा एचआर मॅनेजर ते कात्रण जपून ठेवेल, यात शंका नाही. आकडा खोटा नव्हता. भाज्या खरंच उतरल्या होत्या, जीएसटीतही कपात झाली होती. पण त्याच २०२५ मध्ये जानेवारीत एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, फेब्रुवारीत मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ झालं, आणि मे महिन्यात बेस्टचं किमान तिकीट ५ रुपयांवरून थेट १०. दिल्लीच्या तेव्हाच्या टोपलीत खाण्यापिण्याचा वाटा ४५.८६ टक्के होता आणि प्रवास व दळणवळण मिळून ८.५९. टोपली भरली होती २०११-१२ च्या पाहणीवरून, म्हणून टेपरेकॉर्डरही त्यात बरीच वर्षं सुखाने नांदला. कांदा स्वस्त झाल्याने पास स्वस्त होत नाही, एवढंच नोकरदाराचं म्हणणं.

आपल्या घराण्याला जाब विचारणारी माणसं मुंबईतच होऊन गेली. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता मुंबईच्या निर्देशांकावर बांधलेला होता आणि तो आकडा महागाई कमी दाखवतो, असा त्यांचा आरोप होता. १९६३ मध्ये त्यावरून मुंबई पेटली. राज्य सरकारला अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि निर्देशांकात दुरुस्ती झाली. पुढे सत्तरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. आजचा नोकरदार, साहेब नसलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रडका इमोजी टाकतो आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कार्ड पंच करतो. गिरणी कामगाराला निदान आपला आकडा तोंडपाठ होता!

आणखी दोन पत्ते देऊन ठेवतो, सवडीने भेट द्यावी. पहिला, देशाच्या किमान वेतनाची राष्ट्रीय पायरी: २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये, २०१९ मध्ये १७८. दोन वर्षांत दोन रुपये! दुसरा, ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेचे पेन्शनर. त्यांचं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तेव्हा हजारात येणाऱ्या सामानाला आता दीडपटीहून जास्त पैसे पडतात, हे आपल्याच नोंदी सांगतात. पण त्या पेन्शनला आपण बांधलेले नाही, त्यामुळे रक्कम गोलच्या गोल राहिली आहे. हिशेबाला सोपी.

बाकी क्षेम. सिमल्याहून खाली येणं झालंच, तर अप्रेझलच्या आठवड्यात यावं. साहेबांच्या केबिनमध्ये एक खुर्ची रिकामी असते.

आपले नम्र,
‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’ असा शेरा मिळालेले
समस्त नोकरदार