प्रमुख पाहुण्यांस सा. न. वि. वि.

माननीय प्रमुख पाहुणे महोदय,

गेल्या शनिवारी आमच्या शाळेच्या मैदानावर जिल्हास्तरीय शालेय रग्बी सेव्हन्स स्पर्धेचे उद्घाटन आपल्या शुभहस्ते पार पडले. त्याबद्दल आभाराचे पत्र पाठवण्याचे काम संस्थेने माझ्यावर सोपवले होते. लेटरहेडवरचे, 'आपल्या व्यग्र दिनक्रमातून बहुमोल वेळ काढून' असे लिहिलेले ते पत्र आपल्या कार्यालयात पोचले असेलच. हे दुसरे. आपल्या वेळेबद्दल पहिल्या पत्रात लिहून झाले, आता थोडे आमच्या वेळेबद्दल.

पत्रिकेवर उद्घाटनाची वेळ सकाळी ८ अशी छापली होती. आपण पावणेअकराला आलात. ही तक्रार नाही, आपल्याकडे पाहुणे तीन तासांच्या आत आले तर वक्तशीर म्हणतात. पण उद्घाटन झाल्याशिवाय मैदानावर शिट्टीसुद्धा वाजता कामा नये, असा दंडक आहे. तो कोणी घातला ते विचारायचे नसते. तेव्हा चोवीस संघ संचलनाच्या रांगांत उभे राहिले. मुलांनी तीनदा वॉर्म-अप केला आणि तीनदा त्यांचे अंग थंड पडले. 'साहेब निघालेत', 'साहेब फाट्यावर आलेत', 'साहेब एका घरी चहाला थांबलेत' ही धावती कॉमेंट्री माईकवरून चालू होती. पोहे गार झाले, मुले तापली.

या खेळाची एक हकिकत आपल्याला कोणी सांगितली नसणार. स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात १८८३ साली रग्बी क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता. नेड हेग नावाच्या गावातल्या खाटकाला सुचले की एक स्पर्धा भरवू, चार पैसे उभे राहतील. पण पंधरा-पंधरा गड्यांचे संघ घेऊन एका दुपारात इतके सामने उरकायचे कसे? म्हणून संघात सातच गडी ठेवले आणि सामनाही आखूड केला. थोडक्यात, सेव्हन्स जन्माला आला तोच वेळ पुरत नाही म्हणून. आणि आपण नेमके त्याचेच उद्घाटन करायला आलात.

आता हिशेब ऐका. सात मिनिटे खेळ, दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा सात मिनिटे खेळ. एक संघ बाहेर, दुसरा आत, नाणेफेक, कुणाच्या बुटाची नाडी, हे सगळे धरून एका सामन्याला वीस मिनिटे. मुलांचे सोळा संघ, चारचे चार गट; गटांतल्याच लढती २४ आणि बाद फेरीच्या ७. मुलींचे आठ संघ. त्यांच्या गटांतल्या १२, उपांत्य २, अंतिम १. एकूण ४६ सामने, मैदाने दोन. आठला पहिली शिट्टी वाजली की चारच्या आत करंडक हातात. त्यात कुठल्याही संघाला लागोपाठ दोन सामने येता कामा नयेत, कारण हा खेळ सगळा धावण्याचा आणि धडकण्याचा. दमलेला मुलगा टॅकल चुकीचा करतो, डोके नको तिथे घालतो. पंचांनाही अधूनमधून दम खाऊ द्यावा लागतो, तेही पळतच असतात. मी आणि आमचे गणिताचे सर, आम्ही दोघांनी रात्री जागून हे वेळापत्रक जुळवले होते. लंडनच्या रॉसलिन पार्क क्लबची शालेय सेव्हन्स स्पर्धा १९३९ पासून चालते, शेकडो शाळा येतात. तिथे कशी घड्याळावर मैदाने चालत असतील, याचा विचार करत मी आमचा तक्ता फळ्यावर चिकटवला. आपण गाडीतून उतरलात तेव्हा त्या तक्त्यावरचे सोळा सामने होऊन गेलेले असायला हवे होते.

मग समारंभ. मध्यरेषेवर दगड ठेवून आपण श्रीफळ वाढवले. आमच्या जिल्ह्यातली निम्मी मुले अनवाणी खेळतात, साहेब. करवंटीचे तुकडे गवतात उडाले ते आठवीची दोन पोरे ओणवी होऊन बोटांनी वेचत होती आणि मागे निवेदक आपला परिचय करून देत होते. चेंडूला हार घातला गेला. त्याला कुंकू कुठे लावायचे यावर थोडा खल झाला. संस्थेच्या अकरा जणांचे सत्कार झाले. आपल्या गाड्या रुग्णवाहिकेसाठी मोकळ्या ठेवलेल्या फाटकात लागल्या होत्या, ते जाऊ द्या.

आपण पाऊण तास बोललात. 'याच मातीतून उद्याचा सचिन तेंडुलकर घडेल' या वाक्याला आपल्या कार्यकर्त्यांनी टाळ्याही वाजवल्या. २०१६ साली रिओत सेव्हन्सच्या अंतिम सामन्यात फिजीने ग्रेट ब्रिटनला ४३-७ असे लोळवून आपल्या चिमुकल्या देशाला पहिलेवहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. तो अख्खा सामना, विश्रांतीसकट, आपल्या भाषणाच्या पोटात बसला असता आणि वर आभारप्रदर्शनालाही वेळ उरला असता.

आता स्टेजचे. आपल्याला ऊन समोरून लागू नये म्हणून संस्थेने स्टेज दोन नंबरच्या मैदानाच्या टोकाला घातले. मैदानाचे टोक म्हणजे मोकळी जागा, असा सगळ्यांचा समज. रग्बीत गोलखांबांच्या मागची ती पट्टी सगळ्यात महत्त्वाची, तिला इन-गोल म्हणतात. गुण मिळवून देणारा ट्राय तिथेच होतो. चेंडू नुसता रेषेपार नेऊन भागत नाही, तो जमिनीला टेकवावा लागतो, म्हणून मुले पूर्ण वेगात येऊन पोटावर झेप घेतात. नेमक्या त्याच पट्टीत मंडपवाल्याने बांबूंसाठी हात-हातभर खोल खड्डे खणले होते. आपण गेल्यावर स्टेज काढायचे, तर मंडपवाला जेवायला गेलेला. तो आला, बांबू उपटले, खड्डे तसेच. आम्ही घमेल्यांनी माती ओतली, पायांनी चोपली, वर पाणी मारले. मी स्वतः त्या प्रत्येक ठिकाणी टाच आपटून पाहिली. एका ठिकाणी घोट्यापर्यंत आत गेली. तिथे एखादी पोर झेपावली असती तर तिचा खांदा निखळला असता. तो खड्डा पुन्हा भरला, आणि मगच दोन नंबरचे मैदान सुरू झाले. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

दोन नंबरचे मैदान मुलींचे होते.

एक नंबरवर मुलांचे सामने साडेबाराला सुरू झाले होते. सात मिनिटांचा डाव पाचाचा केला, विश्रांती उभ्या-उभ्या पाणी पिण्यापुरती. संघांना लागोपाठ सामने खेळावे लागले. एका मुलाच्या डोक्याला मार बसला तेव्हा पंचांनी खेळ थांबवून त्याला बाहेर काढले, डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी पुन्हा उतरवायचे नाही हा नियम. तर त्याचे सर मलाच म्हणाले, 'मॅडम, तेवढ्यात वेळ गेला.' मुलींचे गटसामने चार-चार मिनिटांच्या डावांवर आणले. उपांत्य सामने झाले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. डिसेंबरातला दिवस, सहाला अंधार. मैदानावर दिवे नाहीत. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना ठेवावा, तर अंतिम फेरीतल्या आश्रमशाळेच्या मुली आदल्या रात्रीच्या एसटीने आलेल्या, परतीची शेवटची गाडी साडेसहाची आणि मुक्कामाची सोय कोणीच केलेली नाही. वरून निरोप आला, 'मुलींचे आवरते घ्या. नाणेफेक करा.'

नाणेफेक! जिल्ह्याची विजेती ठरणार, पुढे विभागीय स्पर्धेला जाणार, आणि ते ठरवायचे दोन रुपयांच्या नाण्याने. आश्रमशाळेची कर्णधार माझ्यापुढे उभी होती, गुडघ्यांवर लाल मातीचे वाळलेले पापुद्रे, पाठीवरचा नंबर सेफ्टी पिनेने लावलेला. ती म्हणाली, 'मॅडम, पाच मिनिटं खेळू द्या ना. हरलो तर हरलो.' पाच मिनिटे, साहेब! आपल्या परिचयाच्या वाचनाला त्याहून जास्त वेळ लागला. अकरा शाली पांघरायला वेळ होता, फुगे सोडायला वेळ होता, आपल्या गाडीचा आरसा हलवून आपला हार नीट करायला वेळ होता. या पोरींनी चार महिने पहाटे उठून पासिंग केले त्यासाठी मात्र पाच मिनिटे निघाली नाहीत. छापा पडला. जिंकलेल्या संघातली एकही मुलगी उडी मारून नाचली नाही. दोन्ही संघ हात मिळवून, दप्तरे उचलून फाटकाबाहेर गेले. मुलांचा अंतिम सामना मात्र झाला. मोटारसायकलींचे हेडलाइट लावून झाला. मुलांसाठी उजेड सापडला.

इतके लिहिल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर रात्री झोप लागणार नाही. भाषण संपवून आपण स्टेजवरून उतरलात तेव्हा मी जवळ उभी होते. आपल्या कपाळावर तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांचे तीन टिळे होते, एकावर एक. मागच्या सीटवर शालींची चळत आणि बुकेंचा खच. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही गेले नव्हते हे आपला ड्रायव्हर सांगत होता. आपण मला हळूच विचारलेत, 'ताई, हा चेंडू सारखा मागंच का टाकतात हो?' मी सांगितले की रग्बीत हाताने पुढे टाकायला मनाई आहे, पुढे न्यायचा तर तो घेऊन पळायचे किंवा पायाने मारायचा. आपला चेहरा एकदम बदलला. 'मी शाळेत कबड्डी खेळायचो, डावा कोपरा,' म्हणालात, आणि पोरे मैदानात उतरत होती तिकडे दोन पावले टाकलीतही. तेवढ्यात स्वीय सहायकांनी घड्याळ दाखवले. एक साखरपुडा, एक दशक्रिया, एका पतसंस्थेची शाखा. 'दोन मिनिटं बघू द्या रे,' असे आपण म्हणालात ते मी ऐकले. कोणी बघू दिले नाही. दिवसभरात खेळाबद्दल खरा प्रश्न विचारणारे आपण एकटेच होतात. संस्थेच्या त्या अकरा सत्कारमूर्तींपैकी कोणालाही तो पडला नाही.

आपल्याला बोलावले होते कशासाठी, तेही सांगते. शाळेच्या संरक्षक भिंतीच्या निधीसाठी. चोवीस संघ, मुले-मुली, पंच, सगळे आपल्या मागे उभे केलेले पडद्यावरचे चित्र होते. आपल्यालाही ते ठाऊक असणार, इतक्या वर्षांत किती भिंतींसाठी आपण नारळ फोडले असतील! आपल्याला एकही खेळ शेवटपर्यंत बघायला न मिळता असे गावोगाव फिरवले जाते, त्याचे मला त्या क्षणी वाईट वाटले. पण आश्रमशाळेच्या पोरींइतके नाही.

तर विनंती अशी. पुढच्या वर्षी या. सकाळी येऊ नका, दुपारी साडेतीनला या, मुलींच्या अंतिम सामन्याला. स्टेज नसेल, माईक नसेल, शाल नसेल, आपला फोटोही कोणी काढणार नाही. कडेला प्लॅस्टिकची खुर्ची असेल आणि शेजारी एखादी राखीव खेळाडू बसलेली असेल, तिला विचाराल ते ती सांगेल. चौदा मिनिटे बसा आणि जा. संस्थेशी याबाबत मी भांडून घेईन, ते माझ्यावर सोडा. उशीर झाला तर मात्र सामना थांबणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
क्रीडाशिक्षिका व स्पर्धा संयोजक

ता. क. : ज्या चेंडूला आपण हार घातला तो आठवण म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी गाडीत ठेवला. तो भेटवस्तू नव्हता, स्पर्धेचा होता. पाच नंबरचा आहे, शाळेकडे असे तीनच आहेत. परत पाठवावा. हार नाही पाठवला तरी चालेल.