आपण फोटो काढत नाही

बजाजनगरातले फोटोवाले दादा हल्ली फोटो काढत नाहीत. ते 'स्टोरी' सांगतात. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा हातात कात्री होती आणि एका पोराच्या पासपोर्ट फोटोच्या आठ प्रती कापणं चाललं होतं.

वाळूज पट्ट्यात असे दादा आता चौकाचौकात भेटतात. 1985 साली बजाजचा कारखाना आला, मागोमाग दादांच्या वडिलांचा स्टुडिओ. पाटीवर कुलदैवताचं नाव, आत धबधब्याचा पडदा आणि कुठेच न लागणारा टेलिफोन. गेटपासला फोटो, बँकेला फोटो, स्थळाला फोटो. पुढे पाटीवर झेरॉक्स आणि लॅमिनेशन वाढलं. यावर घर उभं राहिलं, पण दादांच्या मते यात ब्रँड नव्हता.

ब्रँडची सुरुवात नावापासून. क्लिक, शटर, लेन्स, फ्रेम, सगळी नावं आधीच कुणीतरी नेलेली. शेवटी एक नाव इंग्रजीत एक जादा 'ए' घालून मोकळं मिळालं. अंकशास्त्रवाल्या साडूंनीही मान डोलावली. तेव्हापासून दादा फोनवर पत्ता सांगतात, "नाही नाही, अजून एक ए. आणि डॉट इन. कॉम नाही हो, इन!" एवढ्या वेळात गिऱ्हाईक पायी दुकानात पोचतं.

लोगो फ्लेक्सवाल्याकडे. मागण्या माफक होत्या: कॅमेरा दिसावा, लेन्स दिसावी, जोडपं दिसावं, आईसाठी वर ॐ राहावा आणि एकूण सगळं 'सिंपल' वाटावं. त्याने काळ्यावर सोनेरी करून दिलं. पाटी लागल्यावर दुसऱ्याच दिवशी एक बाई मंगळसूत्राला पॉलिश करायला आल्या.

आता हा लोगो प्रत्येक फोटोवर असतो. निजामाच्या दरबारातले राजा दीनदयाळ वेरूळ-दौलताबादचे फोटो काढून गेले, 1897 साली व्हिक्टोरिया राणीची सनद मिळवून बसले. त्यांचं नाव फोटोखालच्या पुठ्ठ्यावर, कडेला असायचं. दादांचं नवरीच्या शालूवर असतं, आणि तेही जरीपेक्षा रुंद.

वेबसाइटवर म्हैसमाळच्या धुक्यातलं एक जोडपं बारा पोझमध्ये आहे. जोडपं भाच्याचं, म्हणून फुकट. 'आमच्याविषयी' इंग्रजीत. मराठी मजकूर माझ्याकडे आला. मी लिहिलं, 'पासपोर्ट फोटो पाच मिनिटांत.' दादांनी ते खोडलं. "ते नका टाकू सर, क्लास पडतो." दुकानाचं भाडं त्याच पाच मिनिटांतून निघतं, पण ते कुणाला दिसू द्यायचं नाही.

दरही नाहीत. "रेट टाकला की रेट पडतो," असं त्यांचं म्हणणं. दर ठरतो तो पत्रिका पाहून: लॉन आहे की मंगल कार्यालय, मुलगा पर्मनंट आहे की काँट्रॅक्टवर. त्यावर करिज्मा अल्बमची शीटं वाढतात, ड्रोन उडतो किंवा उडत नाही.

खरी कला मात्र साइटवर औषधालाही नाही. दादांना लग्नात पाहावं. अंतरपाट धरणाऱ्या मामाला ते डोळ्यांनीच 'दोन बोटं खाली' सांगतात. नवरीची आई कधी रडणार हे आईच्या आधी त्यांना कळतं, आणि ते बुंदीच्या पातेल्यामागून तिथे हजर असतात. मी म्हटलं, हे लिहू. तर म्हणे, "त्यात काय लिहायचं? ते तर कामच आहे."

साइटच्या शेवटी चौकशीचा फॉर्म आहे. त्यात 'तुमची लव्ह स्टोरी थोडक्यात सांगा' हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. पहिली चौकशी आली ती साइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देणाऱ्या कंपनीची. दुसरी रांजणगाव शेणपुंजीहून. लव्ह स्टोरीच्या रकान्यात लिहिलं होतं: 'ठेकेदार बदलला. उद्या फर्स्ट शिफ्टच्या आत आठ फोटो पाहिजेत.'

साइटने आपोआप इंग्रजीत कळवलं की तुमची प्रेमकथा वाचून आम्ही भारावलो आहोत. दादांनी मागोमाग फोन लावला, "पहाटे साडेपाचला ये. आणि पांढरा शर्ट नको घालू, मागचा पडदा पांढरा हाय."