‘अस्सल’च्या शोधात

दादर-परळ भागात स्वस्त मालवणी खानावळ शोधायची तर पाटीवर ‘अस्सल’ लिहिलेल्या आधी वगळाव्यात. मग फारशा उरतच नाहीत. मी परीक्षा सोलकढीपासून घेतो. आगळ नि नारळाचा रस हवा, पण एका ठिकाणी वाटी बिटाने लाजली होती. दुसरीकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळच सापडेना. “गिऱ्हाईक खडा समजून थुंकतं हो,” मालक म्हणाले. तिसरीकडे कोंबडी फर्मास, पण तांदूळ-उडदाच्या वड्यांऐवजी मैद्याच्या पुऱ्या, आणि शेजारच्या टेबलावर (देवा रवळनाथा!) पनीर मसाला. मी मात्र प्रत्येक घासाला “आमच्या आजीच्या हातची सर नाही” म्हणतो. आजी जन्मभर सदाशिव पेठेत राहिली; मासे तिने पाहिले ते मत्स्यालयात.