हुकूमनाम्याच्या शेवटच्या पानावर राहणाऱ्या तक्त्यास

मु. पो. बोईसर, जि. पालघर

श्रीमान खर्चाचा तक्ता यांसी,
मुक्काम हुकूमनाम्याचं शेवटचं पान



आपली ओळख फार उशिरा झाली. अकरा वर्षं दावा लढलो आणि एका दुपारी वकिलांचा फोन आला, "काका, दावा खर्चासह मंजूर!" त्या 'खर्चासह'वर खूश होऊन मी येताना पेढे आणले. बायकोने विचारलं, खर्चासह म्हणजे किती? म्हटलं, सगळा. मग नकलेचा अर्ज दिला, हुकूमनामा हातात आला, शेवटचं पान उलटलं, तर तिथे आपण बसलेले. वादपत्रावरचा स्टॅम्प 400. वकीलपत्रावरचा 10. वकील फी 375. साक्षीदार भत्ता 150. समन्स बजावणी 95. कोर्ट कमिशनर 2,500. एकूण 3,350.

पेढे 480 चे होते.

न्यायाधीशांविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. कायद्यात जे आहे ते त्यांनी दिलं. काळजी आहे ती आपल्या तब्येतीची. फार खंगलात.

त्या 375 चं सांगतो. शेजाऱ्याने बांध सरकवून आमची दीड गुंठा जागा घेतली आणि तिच्यावर चार खोल्या काढून एमआयडीसीतल्या कामगारांना भाड्याने दिल्या. 2011 साली दावा लावला, तेव्हा वकील आनंदाने म्हणाले, शेतजमीन आहे, दाव्याचं मूल्य बाजारभावाने धरायचं नाही, आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, पटीत धरायचं. आमच्या सातबाऱ्यावरचा आकार किती, तर रुपये आणि पैशांत. कोर्ट फी वाचली म्हणून आम्ही दोघांनी चहा घेतला. आपल्या पोटातली वकील फीसुद्धा त्याच मूल्यावर मोजतात, हे चहा घेताना कुणी बोललं नाही. वकिलांना मी खरोखर किती दिले, तो आकडा इथे लिहीत नाही. हे पत्र घरातही वाचलं जाणार आहे.

बाकीच्या गोष्टींना आपल्याकडे रकानाच नाही. सकाळची गाडी, मधलं उमरोळी, पालघरला उतरून रिक्षा, मग बाकावर बसून माझ्या नावाचा पुकारा ऐकू येतो का याकडे कान. दुपारी अडीचला कळायचं, साहेब रजेवर, पुढची तारीख. दावा चालू असतानाच 2013 साली डहाणूपर्यंत लोकल आली. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून फुटून आमचा पालघर जिल्हा झाला. सगळं पुढे सरकलं, दावा मात्र 'पुरावा' या टप्प्यावर नांगर टाकून होता. बुडालेल्या रोजांचा हिशेब मी वहीत ठेवला होता. वकील म्हणाले, वही राहू द्या, पावत्या आहेत का?

पावत्या! रिक्षावाल्याकडे पावती मागितली असती, तर त्याने मला पालघर स्टेशनवरच सोडलं असतं.

आपण मूळचे असे कंजूष नाही, हे मी वाचलंय बरं का. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 प्रमाणे हरलेल्याने खर्च द्यायचा, आणि कोर्टाला तसं करायचं नसेल तर कारण लिहायचं. आदेश 20-अ मध्ये दाव्याआधीची नोटीस, टायपिंग, नकला हा खर्चही धरता येतो असं म्हटलंय. सालेम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की, खर्च म्हणजे प्रत्यक्षातला वाजवी खर्च, जिंकणाऱ्याचा गेलेला वेळ, प्रवास आणि मुक्कामही त्यात आला. आता 2005 मध्ये दिल्लीहून सुटलेली ती गाडी बोईसरला थांबत नसेल, तर तो आपला दोष कसा म्हणावा?

शिवाय आपण एकदा अंग धरलंत, तर काय होतं तेही दिसलं. रघुबीर सरन ट्रस्टच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 45,28,000 रुपये खर्च बसवला. हरलेला पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2011 साली ती रक्कम रद्द झाली, कारण नियमांत तेवढं बसत नव्हतं. म्हणजे आपल्याला आव्हान देऊन कुणी सुखी झालंच, तर तो बहुधा हरलेला. माझ्यासारख्या जिंकलेल्याने नुसत्या खर्चासाठी अपील करायचं, तर त्यात तत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. माझ्याकडे फक्त पैशांचा प्रश्न आहे.

मी वकिलांना विचारलं, शेजाऱ्याने धडधडीत खोटा बचाव घेतला, आजोबांच्या काळापासून बांध तिथेच आहे म्हणाला, त्याचं काय? ते म्हणाले, कलम 35-अ आहे ना, पण जास्तीत जास्त तीन हजार. ही मर्यादा 1976 च्या दुरुस्तीतली. तेव्हा तीन हजारांत पाच तोळ्यांहून जास्त सोनं यायचं. 2011 च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा निदान एक लाख करावी असं सुचवलं होतं. बरं, मिळालेच तीन हजार, तर त्या हुकमावर शेजाऱ्याला अपिलाची खास सोय कलम 104 मध्ये आहे. खोटं बोलणाऱ्याची घेतली जाते तेवढी काळजी आमच्याकडे व्याही सोडून कुणाची घेत नाहीत.

एक विचारू? तारापूर एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांचं मालाच्या पैशांवरून वाजलं, रक्कम तीन लाखांच्या वर असली, तर ते व्यावसायिक वादाच्या कायद्यात जातात. तिथे 2015 पासून आपण वेगळेच. वकिलाची खरी फी, साक्षीदारांचा खर्च, सगळं विचारात घेता, आणि ती तीन हजारांची मर्यादाही तिथे नाही. कंपाउंडच्या आत कारखाना आणि बाहेर आमचं भाताचं खाचर, मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे अजून 1976 चालू आहे.

असो. आव्हान मात्र मी दिलं. वरची बेरीज पुन्हा करून पाहा: 3,530 येते. आपण लिहिलीत 3,350. आकड्यांची अदलाबदल झाली होती. कलम 152 खाली दुरुस्तीचा अर्ज दिला. तीन तारखा पडल्या, समोरच्याने म्हणणं द्यायला मुदत मागितली, मिळाली. शेवटी 180 रुपये जिंकलो. जाण्यायेण्यात किती गेले ते वहीत आहे.

शेजाऱ्याने 3,530 रुपये कुरकुर न करता कोर्टात भरले. जागेच्या ताब्याची दरखास्त चालू आहे, नुकसानीची चौकशी वेगळी, तिच्या तारखा वेगळ्या. खोल्या तिथेच आहेत. एका खोलीचं महिन्याचं भाडं साडेतीन हजार.

कळावे,
आपला विजयी वादी