हंबीररावांचा तंग

जुन्या घोडदळाचं चामडी सामान जमवणाऱ्या शौकिनांसमोर बऱ्हाणपूरचं नाव काढलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. तिथल्या राजपुऱ्यातल्या एखाद्या माळ्यावर मराठ्यांचे सेनापती हंबीरराव मोहिते यांच्या घोड्याचा तंग सापडेल, ही आशा! पण 1681 मध्ये हंबीररावांचे मराठी स्वार या शहरातून माल लुटून न्यायला आले होते, लगाम-दुमची ठेवून जायला नव्हे. शिवाय तेलपाणी नसलं की चामडं काही पावसाळ्यांतच बुरशीला शरण जातं. तीनशे वर्षं टिकतं ते विक्रेत्याच्या तोंडी.

म्हणून बाजारात फिरतात ती बहुतेक ब्रिटिश रिसाल्याची खोगिरं, आणि सॅम ब्राउन पट्टे. 1858 च्या लढाईत डावा हात गमावलेल्या अधिकाऱ्याच्या नावाचा हा पट्टा. तलवार एकहाती सावरायची सोय. आता दोन्ही हात शाबूत असलेली मंडळी तो दिवाणखान्यात टांगतात.

1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती परदेशी धाडता येत नाही. त्यामुळे एकच खोगीर गिऱ्हाइकासमोर पानिपतचं असतं आणि कस्टमसमोर कानपूरचं, गेल्या वर्षीचं. कस्टमला सांगितलेलं बहुधा खरं असतं.