मुदत न संपणारे आसन

मोटारशर्यतींचे जागतिक नियम करणारी ‘एफआयए’ ही संस्था आसनांच्या बाबतीत विनाकारण संशयी आहे. तिच्या ८८५५-१९९९ या मानकानुसार बनलेले आसन, ते कितीही धडधाकट दिसो, निर्मितीपासून साधारणतः पाच वर्षांनी बाद ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील शंकरपटाने, म्हणजे विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीने, हा प्रश्न मुळातच सोडवला आहे. धुरकरी, म्हणजे छकडा हाकणारा, ज्यावर कसाबसा टेकतो ते लाकूड आसनच नसल्यामुळे त्याची मुदत संपत नाही. शिवाय चालकाला पट्ट्यांनी जखडण्याऐवजी छकडा त्याला ऐन वेगात मोकळा करतो, ज्यायोगे बैलांवरील भार घटून वेळही सुधारावी. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा शर्यतविषयक कायदा वैध ठरवल्यावर तर व्यवस्था परिपूर्णच झाली: बैलाची पशुवैद्यकीय तपासणी होते, त्याला चाबूक लावता येत नाही आणि हजार मीटरांपलीकडे पळवता येत नाही. हेच संरक्षण धुरकऱ्यालाही मिळावे, ही सूचना विचारार्ह आहे. मात्र अर्जासोबत त्याला शेपूट असल्याचा पुरावा जोडावा लागेल.