बाळंतिणीच्या खोलीत गर्दी

मेक्सिकोतल्या सान इग्नासिओ खाजणात दर हिवाळ्यात करडे देवमासे बाळंतपणाला येतात. थेट आर्क्टिककडून, हजारो किलोमीटर पोहत. निवांतपणा मिळावा म्हणून. आणि दारात काय, तर लाइफ जॅकेट घातलेली पाहुणेमंडळी!

१८५० च्या दशकात चार्ल्स स्कॅमन या देवमाशांच्या शिकाऱ्याची माणसं याच किनाऱ्यावरच्या खाजणांत हार्पून घेऊन शिरली. पिल्लं वाचवायला माद्या होड्या फोडत. झालं, सैतान ठरल्या त्याच. १९७२ मध्ये मायोरल नावाच्या कोळ्याने भीतभीत एका देवमाशाला हात लावला. फुकटात. आता त्या स्पर्शासाठी डॉलर मोजावे लागतात.

होडीने पाठलाग करायचा नाही, देवमाशाला वाटलं तर तोच येईल, हा नियम चांगलाच. पण पैसे भरलेल्यांना धीर कुठला? पाणी थापटायचं, गाणी म्हणायची, पिल्लाला ‘ये ये’ करायचं. होडीच्या दुप्पट लांबीची आई शेवटी डोकं वर काढते. तिच्या कातडीला चिकटलेल्या बार्नॅकल-उवांसकट मंडळी मुके घेतात. घरच्या मांजराने ताटाला तोंड लावलं तर ताट तीनदा घासणारीच ही माणसं. तेवढ्यात आई फुस्सकन श्वास सोडते, सगळ्यांच्या तोंडावर नि मोबाइलवर शेंबडाचा सडा. फोटोखाली ओळ पडते: ‘आशीर्वाद मिळाला’.